‘व इतर’ची नावं

आपल्या समाजाच्या इतिहासावर अंक काढायला विद्यार्थी एकत्र बसले, की पहिलं भांडण बहुधा एखाद्या सालावरून होतं. एकीच्या आजीने सांगितलेलं असतं, पूल पुराच्या आधीच झाला होता. दुसऱ्याचे काका शपथेवर सांगतात, पूर आधी, पूल नंतर. दोघंही आपापल्या माणसाची बाजू अशी लढवतात की पूल राहतो बाजूला. मग कुणीतरी म्हणतं, “सालच काढून टाकू या. ‘पूर्वीच्या काळी’ लिहू.” अशी माणसं चांगले संपादक होतात असं नाही, पण त्यांच्यामुळे बैठका लवकर संपतात.

मला विचाराल तर बैठक तिथे मुळीच संपू नये. इटलीतल्या तेर्नी शहरात लुइजी त्रास्तुल्ली हा पोलाद कारखान्यातला तरुण कामगार १९४९ साली पोलिसांशी झालेल्या झटापटीत मारला गेला. निदर्शनं होती इटलीच्या नाटोप्रवेशाविरुद्ध. पुढे आलेस्सांद्रो पोर्तेल्ली या अभ्यासकाने तिथल्या जुन्या कामगारांना बोलतं केलं, तेव्हा त्यांतल्या अनेकांनी हा मृत्यू १९५३ मधला, कामगारकपातीविरुद्धच्या आंदोलनातला म्हणून सांगितला. कागदपत्रं तर स्पष्ट होती. पोर्तेल्लीने साल तपासलं आणि तिथे न थांबता सगळे एकाच दिशेने का चुकले, याचा शोध घेतला. आपला माणूस गेला तो आपल्या पोटापाण्याच्या लढाईत गेला, अशीच त्या शहराने त्याची आठवण जपली होती.

पूल आधी की पूर, हे जुन्या नोंदी चाळून ठरवता येतं. आजीने पूल आधी का ठेवला, हे विचारायला मात्र पुन्हा तिच्याकडेच जावं लागतं. एकट्याने लिहिणारा सहसा जात नाही, कारण त्याला अडवणारं कुणी नसतं. चारजणांच्या कामात निदान एक तरी खडूस निघतो, आणि अंक तरतो तो त्याच्यामुळे.

विद्यार्थ्यांना असलं काम झेपेल का, ही शंका जुनी आहे. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या डोंगराळ भागात, रेबन गॅप इथल्या शाळकरी मुलांनी १९६६ साली ‘फॉक्सफायर’ हे नियतकालिक काढायला घेतलं आणि आसपासच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना गाठलं. ओंडक्यांचं घर कसं उभारायचं, साबण घरी कसा करायचा, कुठल्या दुखण्यावर कुठला पाला, असे विषय. १९७२ मध्ये त्या लेखांचं पुस्तक आलं आणि लाखोंनी खपलं. “तुमचा इतिहास सांगा” म्हटलं की माणूस ताठ बसतो आणि सभेत बोलल्यासारखं बोलतो. “हे कसं करायचात?” विचारलं की त्याचे हात हलायला लागतात आणि हातांमागून गोष्टी येतात.

त्या गोष्टी कागदावर उतरवणं म्हणजे या कामातली धुणीभांडी. मुलाखतीला चला म्हटलं की सगळे तयार. शब्दांकन म्हटलं की एकेकाला परीक्षा आठवते. तासाभराच्या ध्वनिमुद्रणाला चार ते सहा तास सहज लागतात, आणि नेमकं हवं ते नाव बाहेरच्या हॉर्नमध्ये बुडालेलं असतं. पण मुलाखत घेणाऱ्याच्या डोक्यात पुढचा प्रश्न घोळत असतो. नीट ऐकतो तो शब्दांकन करणाराच. “जाऊ दे ते” हे वाक्य कुठल्या विषयापाशी पुन्हा पुन्हा येतं, ते त्यालाच कळतं.

पुढे सगळा मजकूर एका फाइलमध्ये जातो आणि तिथे प्रत्येकाला सुधारायची खुमखुमी येते. सकाळी “आम्हाला रेशनवर कुणी उभं करत नव्हतं” असं असतं, संध्याकाळपर्यंत त्याचं “सामाजिक भेदभावास सामोरे जावे लागले” होतं. भाषा एकसारखी झाली पाहिजे, हा हट्ट मला कधीच पटलेला नाही. चार हातांनी लिहिलंय तर चार हात दिसू द्यावेत. छापण्याआधी मजकूर सांगणाऱ्याला वाचून दाखवावा, हे मात्र न चुकता करावं. तो हमखास सगळ्यात चांगल्या वाक्यावर बोट ठेवून “हे नको” म्हणतो. टीम हळहळते. तरी ते वाक्य काढायचं. आयुष्य त्याचं आहे.

मला सगळ्यात आवडतो तो जुन्या फोटोंखालच्या नावांच्या ओळींचा टप्पा. खुर्च्यांवरच्या पुरुषांची नावं डावीकडून उजवीकडे शिस्तीत मिळतात. मागे उभ्या बायका म्हणजे ‘व इतर’. एखादी विद्यार्थिनी हे वाचून चिडते आणि फोटो घेऊन घरोघर फिरते. कुणाला चेहरा ओळखू येतो पण नाव सासरचं की माहेरचं सांगता येत नाही, कुणी एका चेहऱ्याला दोन नावं देतं, दोन बहिणी त्यावरून तिच्यासमोरच भांडतात. हळूहळू ओळ भरत जाते.

आणि एवढं सगळं करून याच मंडळींनी शेवटच्या पानावर शब्दांकन करणाऱ्यांना ‘विशेष साहाय्य : मित्रपरिवार’मध्ये कोंबलेलं असतं. छपाईच्या आदल्या रात्री तो खडूस ते बरोबर पकडतो. फाइल पुन्हा उघडते, एकेकाची नावं टाइप होतात, पान पुरेना होतं, आणि मान्यवरांचा शुभेच्छा संदेश अर्ध्या पानावर येतो.