पावसाळ्यात उभ्या मशीनवर खर्च कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. जून ते सप्टेंबर आमच्या राजापूर पट्ट्यात चिरेखाणी बंद, रस्त्याची कामं बंद, जेसीबी दारात उभा. मग ऑपरेटरला पगार आणि मशीनला पैसे कशाला? सासुरवाडीपासून बँकेपर्यंत सगळ्यांनी विचारून झालंय.

कोकणातला पाऊस उभं मशीन खातो. बकेट जमिनीला टेकवायचं, जॅकचे, म्हणजे बकेट आणि मशीनचा हात हलवणाऱ्या तेलाच्या सिलिंडरचे, रॉड होतील तेवढे आत घ्यायचे, उघड्या राहिलेल्या भागाला ग्रीस फासायचं. नाहीतर खाऱ्या, दमट हवेत रॉडला बारीक खड्डे पडतात आणि काम सुरू झालं की तेच खड्डे तेल अडवणारं सील कापतात. डिझेलची टाकी भरलेली हवी. अर्ध्या टाकीत आतून दव धरतं, पाणी तळाला बसतं. मधूनमधून इंजिन तापू द्यायचं, जॅक फिरवायचे, पुन्हा ग्रीस. हे ऑपरेटरशिवाय कोण करणार? शिवाय जूनमध्ये सोडलेला ऑपरेटर ऑक्टोबरात दुसऱ्याच्या मशीनवर असतो. पगारात माझा स्वार्थ आहेच, नाकारत नाही.

पण मोठा खर्च होजचा, म्हणजे जॅकला दाबाचं तेल नेणाऱ्या रबरी नळ्यांचा, आणि त्यावर मी हुज्जत ऐकून घेत नाही.

ओळखीच्या एका मालकाचं मशीन पावसाळाभर फणसाखाली उभं होतं. नवरात्रात चालू केलं तेव्हा मी तिथे होतो. बूमच्या, म्हणजे मशीनच्या मोठ्या हाताच्या, होजचं रबर तडकलेलं, आतली तार गंजलेली. तेल गळताना दिसेना, नुसता धुरासारखा फवारा. कुठून येतोय ते बघायला हेल्परने होजवरून हात फिरवला. विशीतलं पोर. "काटा टोचला," एवढंच म्हणाला. रक्त नाही, तर्जनीला टाचणीएवढं भोक. जवळच्या दवाखान्यात धनुर्वाताचं इंजेक्शन देऊन घरी पाठवलं. त्या होजमध्ये २०० बारच्या वर दाब असतो, कारच्या टायरमधल्या हवेच्या जवळजवळ शंभरपट. तेल कातडीखालून आत शिरलेलं. रात्री हात कोपरापर्यंत सुजला. पोर ओरडतही नव्हतं, हात वर धरून बसलं होतं. कोल्हापूरला नेलं, सर्जननी हात उघडून धुतला, तरी दोन पेरं गेली. अशी जखम केवढीही दिसो, तडक ऑपरेशनलाच आणायची, असं ते म्हणाले.

आता माझ्याकडे गळती पुठ्ठा धरून शोधतात. इंजिन बंद करून, दाब काढल्याशिवाय होजला कोणी हात लावत नाही.

होज वेळेवर बदलले असते तर बोट वाचलं असतं? माझ्यातलाच जुना हिशेबी माणूस म्हणतो, नवा होजही फुटतो, आणि 'हात घालू नको' सांगायला पैसा लागत नाही. त्याचं म्हणणं मला खोडता येत नाही. पण सांगितलेलं कामाच्या घाईत किती लक्षात राहतं, तेही मी रोज बघतो.

यंदा बूमचे होज बदलले. मागच्या आर्मचे दोन तडकायला लागलेत. हप्ता भरून हातात काय उरतं, त्यावर त्यांचं ठरेल.