पेशींना चतुर्थीची सुट्टी कळत नाही
आई अजून विचारते, लॅबमध्ये तू नक्की करतोस काय रे, औषध बनवतोस? म्हटलं नाही गं, पेशी वाढवतो, ३७ डिग्री आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइडवर, तान्ह्या पोरासारखं दर दोन-तीन दिवसांनी त्यांचं मीडियम, म्हणजे पोषक द्रव, बदलायचं, चतुर्थी असो नाहीतर शिगमो. उंदरात चाललेलं औषध माणसात चालेलच असं नाही, बहुतेकदा गाडी तिथेच अडते, आमचं ट्रान्सलेशनल संशोधन म्हणजे ती दरी ओलांडायची खटपट. बांबोळीचं गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेज, जवळच, परंपरा १८४२ पासूनची, पेशंट तिथे नि पिपेट (थेंब मोजायची नळी) इथे! परवा रात्री पावसात लाईट गेली, सॅम्पल ठेवायच्या उणे ८० डिग्रीच्या फ्रीझरचा अलार्म वाजला, रेनकोट घालून धावलो. जनरेटर नशिबाने चालू झाला. सॅम्पल वाचले, जेवणातलं हुमण, म्हणजे माशाची आमटी, मात्र गारढोण.