साठ मीटरवरचे जहाज आणि न हलणारा काटा

साठ मीटर खोल बुडालेल्या त्या जहाजाविषयी डायव्हच्या आयोजकांनी आम्हाला तीन गोष्टी सांगितल्या होत्या: जहाज सरळ उभे आहे, प्रवाह नावालाच आहे आणि ट्रायमिक्सचे (खोल डायव्हसाठीच्या ऑक्सिजन, हेलियम व नायट्रोजनच्या मिश्रणाचे) प्रमाणपत्र असेल तर आत जायला हरकत नाही. पहिल्या दोन गोष्टी शॉटलाइनवरून, म्हणजे खाली सोडलेल्या वजनाच्या दोरीवरून, उतरतानाच खोट्या ठरल्या. तिसरी किती फसवी आहे, हे कळायला आणखी दहा मिनिटे लागली. आधीचे दोन दिवस ४० मीटरवर सराव झाला, तो उत्तम झाला आणि त्यामुळेच त्याबद्दल लिहिण्यासारखे काही नाही.

जहाज डाव्या कुशीवर आडवे होते. १९५६ साली बुडालेले आंद्रेआ डोरिया उजव्या कुशीवर पडले, हे मी वाचले होते. पण भिंतीची जमीन झाली आणि दारे डोक्यावर व पायाखाली आली की आधी पाठ केलेला नकाशा किती निरुपयोगी होतो, ते वाचून समजत नाही. मालाच्या कोठारातून इंजिनखोलीकडे जाणारी बोळासारखी वाट जेमतेम १० मीटर लांब आहे. आमच्या बुडबुड्यांनी वरच्या पत्र्याचा गंज सुटू लागला आणि काही क्षणांत टॉर्चचा उजेड तपकिरी झाला. हाताला वाट दाखवणारी दोरी लागत होती, एवढ्या भरवशावर मी पुढे सरकलो. ही पहिली चूक.

दुसरी चूक घडत असताना मला चक्क आनंद झाला. सिलिंडरमधला दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा १५० बारवर होता आणि चार मिनिटांनीही तो तिथेच होता. आपण श्वास किती बेताने घेतो आहोत, असे वाटून मी स्वतःवर खूश झालो. वास्तविक ६० मीटरवर दाब सातपट असतो. पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर वायू लागणाऱ्या माणसाला तिथे १४० लिटर लागतो, म्हणजे प्रत्येकी १२ लिटरच्या जोड सिलिंडरमधून मिनिटाला जवळजवळ ६ बार. जोडीदाराने बोटांनी १२५ दाखवले, तेव्हा शंका आली. गळ्यातला पर्यायी रेग्युलेटर (श्वास घेण्याचे दुसरे तोंडयंत्र) तोंडात घेतला. एक श्वास मिळाला आणि काटा थेट शून्यावर आला. पुढे सरकताना डावा व्हॉल्व्ह छताला घासत घासत पूर्ण बंद झाला होता, आणि गेज व पर्यायी रेग्युलेटर दोन्ही त्याच बाजूला होते; म्हणून काटा नळीत अडकलेला जुना दाबच दाखवत राहिला. तो उघडायला मला तीन प्रयत्न लागले. सरावात हेच काम मी पहिल्या झटक्यात करत होतो. तिथूनच मागे फिरलो.

वर येताना डेकोचे (शरीरातला साठलेला वायू बाहेर पडण्यासाठीचे) थांबे घेत प्रवाहात दोरीला लोंबकळल्याने खांदे अजून भरलेले आहेत, तेव्हा पुढचे शब्द कडक वाटले तर वाटू देत. प्रमाणपत्र आणि एकूण डायव्हची संख्या विसरा. हाच संच अंगावर चढवून गेल्या महिनाभरात किती वेळा उतरलात, जाड हातमोजे घालून आणि मास्क काढून पाठीवरचे तिन्ही व्हॉल्व्ह (डावा, उजवा आणि मधला) गाठता येतात का, डोळे मिटून दोरीच्या आधाराने बाहेर येता का, एवढेच पाहा. गेजकडे बघण्याआधी काटा कुठे असावा, याचा आकडा मनाशी ठरवा. १० बारांपेक्षा जास्त फरक निघाला तर कारण शोधत बसू नका, बाहेर पडा.

तृतीयांशाचा नियम (एक हिस्सा वायू जायला, एक यायला, एक राखीव) इथे अपुरा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. २०० बारला भरलेल्या जोड सिलिंडरमध्ये ४८०० लिटर वायू असतो, त्यातला १६०० लिटर आत जाताना, म्हणजे ११ मिनिटांत, संपतो. उरलेल्या ३२०० लिटरवर घाबरलेली दोन माणसे दुप्पट वेगाने श्वास घेऊ लागली, तर सहा मिनिटेसुद्धा मिळत नाहीत आणि परतीची वाट मात्र तितकीच लांब असते. मी यापुढे चौथा हिस्सा वायू संपताच मागे फिरणार आहे. आमच्याच बोटीवर एकजण साध्या हवेवर उतरायचे म्हणत होता. त्या खोलीवर हवेची घनता लिटरला ६.२ ग्रॅमच्या मर्यादेपेक्षा बरीच जास्त होते, श्वास जड होतो आणि कार्बन डायऑक्साइड साठत जातो. अशा माणसाची जोडी स्वीकारू नका.

आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी आयोजकांना दोनच प्रश्न विचारा: जहाज कोणत्या कुशीवर आहे, आणि त्या बोळातून शेवटचे कोण, कधी गेले होते? 'तिथे गेल्यावर बघू' असे उत्तर आले, तर दुसरी बोट शोधा.