तुम्ही विचारलेत म्हणून: चारांपैकी कोणती मिनिव्हॅन?

अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या ओळखीच्या कुटुंबांत दुसरे बाळ येणार असले, किंवा आई-वडील सहा महिन्यांसाठी येणार असले, की मला हमखास विचारले जाते, "टोयोटा सिएना घ्यावी, होंडा ऑडिसी, क्रायस्लर पॅसिफिका, की किआ कार्निव्हल?" विचारणाऱ्याने तोवर या चारही मिनिव्हॅनची, म्हणजे तीन रांगांच्या, सात-आठ जणांच्या कौटुंबिक गाड्यांची, माहितीपत्रके वाचलेली असतात, स्क्रीन किती इंचांचा आणि स्पीकर किती याची तुलना झालेली असते, आणि तरीही निर्णय होत नसतो. मी त्यांना उलट विचारते, "मधल्या रांगेत कोण बसणार आहे, आणि शेवटच्या रांगेत रोज कोणी बसणार आहे का?" या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाली की चारांपैकी दोन गाड्या बहुधा आपोआप गळतात.

याचे कारण असे की बाकीच्या बहुतेक बाबतींत या गाड्या एकमेकींच्या फार जवळ आहेत. ऑडिसीचे इंजिन 280 अश्वशक्तीचे, पॅसिफिकाचे 287 आणि कार्निव्हलचे सहा सिलिंडरचे (व्ही-सिक्स) इंजिनही 287. हा फरक सामान भरलेल्या गाडीत कोणालाही जाणवणार नाही. दोन्ही बाजूंची सरकती दारे, बुटकी पायरी, शेवटची रांग दुमडून मागच्या खोलगट जागेत बसवण्याची सोय, हे सगळे चौघींतही आहे. 1983 च्या अखेरीस क्रायस्लरने डॉज कॅरॅव्हॅन आणि प्लिमथ व्हॉयेजर या गाड्या आणल्या, तेव्हा पुढच्या चाकांवर चालणारी, सपाट आणि बुटक्या फरशीची, घरच्या गॅरेजमध्ये मावणारी व्हॅन हीच मूळ कल्पना होती आणि आजही तिच्यात मोठा बदल झालेला नाही. पुढची चाळीस वर्षे कंपन्यांची खरी चढाओढ चालली ती सीटांच्या रचनेवर, आणि म्हणून निवडही तिथेच करावी लागते.

पॅसिफिकाची मधली रांग दुमडून फरशीखालच्या खणात नाहीशी होते. ही रचना क्रायस्लरने 2005 च्या मॉडेलपासून आणली आणि तिची बरोबरी अजून कोणाला करता आलेली नाही. फरशीचे झाकण उचलायचे, सीट दुमडून खाली ढकलायची, झाकण लावायचे; सीट गाडीतून उचलून गॅरेजमध्ये नेऊन ठेवण्याचा प्रश्नच येत नाही. सीट वर असते तेव्हा तेच खण बूट, छत्र्या, पाण्याच्या बाटल्या ठेवायला उपयोगी पडतात. मात्र खणात मावण्यासाठी त्या सीटची गादी पातळ ठेवावी लागते, आणि लांबच्या प्रवासात मोठ्या माणसाला ते जाणवते. याच गाडीची प्लग-इन हायब्रिड (पेट्रोल आणि बाहेरून चार्ज होणारी बॅटरी या दोन्हींवर चालणारी) आवृत्ती जुन्या बाजारात पाहणार असाल, तर तिच्यात मधल्या रांगेचे हे खण बॅटरीने व्यापलेले आहेत आणि त्या सीटा खाली जात नाहीत, हे आधीच लक्षात घ्यावे. त्या बदल्यात सुमारे 32 मैल निव्वळ विजेवर जाता येते, आणि ज्यांचे रोजचे जाणे-येणे तेवढ्यात बसते त्यांना हा सौदा परवडण्यासारखा आहे.

ऑडिसीच्या बहुतेक आवृत्त्यांत मधल्या रांगेची मधली सीट काढून ठेवली की कडेच्या दोन सीटा आडव्या, म्हणजे डावी-उजवीकडे सरकतात. कागदावर ही सोय किरकोळ वाटते. परंतु एका कडेला बाळाची सीट पक्की बांधलेली आहे, आणि सात वर्षांच्या मुलीला शेवटच्या रांगेत जायचे आहे, अशी रोज सकाळची स्थिती डोळ्यांसमोर आणा. ज्या गाडीत मधल्या रांगेतली सीट पुढे कलंडवूनच मागे जाता येते, तिथे त्या सीटवर बाळाची सीट बांधलेली असली की तो मार्ग बंद होतो. ऑडिसीत बाळाच्या सीटसकट ती खुर्ची आत सरकवून वाट मोकळी करता येते. लहान मुले असलेल्या घरासाठी मला ही रचना चौघींत सर्वांत विचारपूर्वक केलेली वाटते. या सीटा काढताही येतात, पण त्या वजनदार आहेत आणि काढायला दोन माणसे असलेली बरी.

सिएनाच्या मधल्या रांगेतल्या कडेच्या सीटा काढता येत नाहीत. त्या पुढे-मागे भरपूर सरकतात, आणि कॅप्टन चेअर, म्हणजे एकेकट्या सुट्या खुर्च्या, पूर्ण मागे घेतल्या की आजोबांना पाय लांब करून बसता येते. गुडघे दुखणाऱ्या माणसासाठी ही मोठी गोष्ट आहे. पण त्यामुळे सामानासाठी जास्तीत जास्त जागा मिळते ती सुमारे 101 घनफूट, तर पॅसिफिकात ती 140 आणि कार्निव्हलमध्ये 145 घनफुटांपर्यंत जाते. घर बदलताना कपाटे स्वतःच्या गाडीतून नेणाऱ्यांनी हा आकडा गंभीरपणे घ्यावा. बाकीच्यांना वर्षातून एखाद्या वेळी भाड्याचा ट्रक घेणे पुरते. कार्निव्हलच्या आठ सीटांच्या आवृत्तीत मधल्या सीटा काढता येतात, परंतु वरच्या आवृत्तीतील पाय टेकवण्याची सोय असलेल्या ऐसपैस सीटा काढता येत नाहीत, आणि शोरूममध्ये मन याच सीटांवर जडते.

म्हणून माझा आग्रह असा की गाडी पाहायला जाताना मुलांच्या सीटा, आणि शक्य असेल तर मुलेही, सोबत न्यावीत. सीटा प्रत्यक्ष बांधून पाहाव्यात, पुढची सीट आपल्या उंचीप्रमाणे लावून मागे तोंड असलेली बाळाची सीट तिला टेकते का ते पाहावे, मग शेवटच्या रांगेत कोणाला तरी चढायला सांगावे. शेवटच्या रांगेत सीट बांधायचे खालचे हुक कोणत्या जागी आहेत, हे गाडीच्या पुस्तिकेतून तपासावे, कारण ते प्रत्येक जागी नसतात. मूल आणि त्याची सीट यांचे एकत्रित वजन 65 पौंडांपुढे गेले की हे हुक सोडून गाडीच्या पट्ट्यानेच सीट बांधायची असते. विक्रेता घाई करत असेल तर दुसऱ्या दिवशी यावे. रस्त्यावर वीस मिनिटे गाडी चालवून जे कळत नाही ते या अर्ध्या तासात कळते.

आता इंधनाचे. इथे मात्र गाड्यांमध्ये खरोखरच मोठा फरक आहे. 2021 पासून सिएना फक्त हायब्रिड मिळते आणि तिची सरकारी सरासरी गॅलनला 36 मैल आहे. ऑडिसी आणि साधी पॅसिफिका 22 वर थांबतात. वर्षाला 12,000 मैल धरले, तर सिएनाला सुमारे 333 गॅलन लागतात आणि ऑडिसीला सुमारे 545. दरवर्षी दोनशेहून अधिक गॅलनचा हा फरक आहे, आणि जितकी वर्षे गाडी ठेवाल तितका तो साचत जातो. 2025 च्या मॉडेलपासून कार्निव्हलही हायब्रिडमध्ये आली असून तिची सरासरी 33 पर्यंत जाते, त्यामुळे सिएनासाठी महिनोन्‌महिने थांबावे लागत असेल तर तिच्याकडे जरूर पाहावे. सिएनाची इंजिन व विजेच्या मोटर मिळून शक्ती 245 अश्वशक्ती आहे, आणि तिचे इंजिन चढावर आणि महामार्गावर शिरताना आवाज करते. मला तो खटकत नाही, पण चालवून पाहिल्याशिवाय घेऊ नये. बर्फाच्या प्रदेशात राहणाऱ्यांसाठी चारही चाकांना शक्ती देणारी रचना फक्त सिएना आणि पॅसिफिकात आहे. केवळ विजेवर चालणारी फोक्सवॅगनची आयडी बझ देखणी आहे, परंतु मागच्या चाकांवर चालणाऱ्या आवृत्तीची एका चार्जवरील मजल 234 मैलांची असल्याने, तिला मी लांबच्या प्रवासाची एकुलती एक गाडी मानणार नाही.

"मग तीन रांगांची एसयूव्हीच का नको?" हेही पुष्कळदा विचारले जाते. तिन्ही रांगा उभ्या असताना टोयोटाच्याच हायलँडरमध्ये मागे 16 घनफूट जागा उरते आणि सिएनात 33.5. विमानतळावरून चार मोठ्या बॅगा घेऊन येणाऱ्या कुटुंबाने एवढे पाहिले तरी पुरे.

सात माणसांनी प्रवास करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट न चुकता वाचावी. चालकाचे दार उघडले की चौकटीवर एक चिकटपट्टी दिसते, आणि माणसे व सामान मिळून किती वजनापुढे जाऊ नये, तो आकडा त्या विशिष्ट गाडीपुरता तिच्यावर छापलेला असतो. 150 पौंडांची सात माणसे म्हणजे 1050 पौंड झाले. प्रत्येकी 50 पौंडांची एकेक बॅग धरली की 1400. एकाच मॉडेलच्या वरच्या आवृत्तीत जड सीटा, मोठी काच, विजेच्या जास्त मोटर असतात, आणि तेवढे वजन प्रवाशांच्या वाट्यातून जाते. ज्या जोडप्याला दोन मुले आहेत त्यांना याची काळजी करण्याचे कारण नाही, परंतु आई-वडील आणि सासू-सासरे एकत्र येणार असतील तर सही करण्यापूर्वी तो आकडा वाचलाच पाहिजे.

सुरक्षिततेबद्दल मला ठामपणे सांगायचे आहे, कारण "मिनिव्हॅन म्हणजे सुरक्षितच" असे गृहीत धरले जाते. विमा कंपन्यांच्या निधीवर चालणाऱ्या आयआयएचएस या संस्थेने 2023 मध्ये समोरच्या धडकेची सुधारित चाचणी घेतली. तिच्यात चालकाच्या मागे बारा वर्षांच्या मुलाएवढ्या, म्हणजेच लहान चणीच्या स्त्रीएवढ्या बांध्याचा पुतळा बसवलेला असतो. चारांपैकी एकीलाही चांगला दर्जा मिळाला नाही. तिघी काठावर राहिल्या आणि ऑडिसीला सर्वांत खालचा दर्जा मिळाला. ही चाचणी गाडीच्या पट्ट्याने बसणाऱ्या मागच्या प्रवाशासंबंधी आहे, आणि बांधलेल्या सीटमधील लहान मुलांसाठी मागची जागाच सर्वांत सुरक्षित असल्याचे तीच संस्था सांगते. तरीही मोठी मुले आणि आजी-आजोबा मागे बसणार असतील, तर आपण घेत असलेल्या मॉडेलच्या वर्षाचा निकाल त्या संस्थेच्या यादीत पाहूनच पुढे जावे.

तेव्हा स्पष्टच सांगायचे, तर दोन लहान मुले आणि शेवटच्या रांगेचा रोजचा वापर असेल, तर वरचा निकाल तपासून मी ऑडिसी सुचवते. मुले थोडी मोठी असतील, आई-वडील दीर्घकाळ राहणार असतील आणि गाडी दहा वर्षे ठेवायची असेल, तर सिएना. आज माणसे आणि उद्या सामान असा ज्यांचा सततचा बदलता वापर आहे, त्यांनी पॅसिफिका घ्यावी. कार्निव्हल या तिन्हींच्या मधोमध बसते. तिची डिकी चौघींत सर्वांत मोठी आहे, आणि इंजिन व गिअरबॉक्सवर पहिल्या मालकाला मिळणारी 10 वर्षे किंवा 1,00,000 मैलांची हमी नवी गाडी घेणाऱ्यांना मोलाची वाटेल. वापरलेली कार्निव्हल घेताना मात्र ती पूर्ण हमी दुसऱ्या मालकाकडे जात नाही, म्हणून किती वर्षे उरली आहेत हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे.