एपी युरोपियन हिस्टरी घरच्या घरी: कव्हरवरच्या सालावर जाऊ नका

आमच्या इथे न्यू जर्सीत लेकीच्या शाळेत एपी युरोपियन हिस्टरी (एपी म्हणजे हायस्कूलमध्येच घ्यायचा कॉलेजच्या पातळीचा विषय) शिकवतच नाहीत, पण बाईसाहेबांना परीक्षा द्यायचीच होती. अभ्यास ती करणार, पुस्तकं मी आणणार असं ठरलं.

पाठ्यपुस्तक चटकन मिळालं. लायब्ररीच्या सेलमध्ये एक जाडजूड जुनी आवृत्ती होती, तीच उचलली. वेस्टफालियाचा तह काही १६४८ वरून हलणार नाही! अभ्यासक्रम १४५० पासून सुरू होतो, त्यामुळे ग्रीक-रोमन प्रकरणांकडे बघायचंही कारण नाही.

डोकं फिरवलं ते सरावाच्या पुस्तकाने. कव्हरवर ठळक नवं साल, खाली ‘संपूर्ण सुधारित’. आत डीबीक्यूचा, म्हणजे दस्तऐवजांवर आधारित प्रश्नाचा, भाग मात्र जुनाच. डीबीक्यूत सात दस्तऐवज देतात, त्यांच्या आधारे निबंध लिहायचा. वेळ ६० मिनिटं आणि एकूण गुणांत वाटा २५ टक्के, म्हणजे हयगय करून चालत नाही. पूर्वी पुराव्याचे पूर्ण गुण मिळवायला सहा दस्तऐवज वापरावे लागत आणि तीन दस्तऐवजांबद्दल लिहिणारा कोण, कशासाठी लिहितोय हे सांगावं लागे. २०२३-२४ पासून ते चार आणि दोन झालं. या पुस्तकात अजून सहा आणि तीनच! पोरगी घड्याळ लावून सहा दस्तऐवज कोंबत बसायची आणि मुख्य मुद्दा मांडायचा राहून जायचा. मला वाटायचं, हिचं लिखाणच कच्चं आहे. शेवटी ही परीक्षा घेणाऱ्या कॉलेज बोर्डाच्या साइटवरचा गुण कसे देतात त्याचा तक्ता शेजारी ठेवला, तेव्हा उलगडा झाला. प्रकाशकाला मेल केली, तर ‘अभिप्रायाबद्दल आभार’ एवढंच उत्तर. दुकानदार म्हणाला, पानांवर पेन्सिलीच्या खुणा आहेत, परत घेता येणार नाही. सरावाच्या पुस्तकात पेन्सिल नाही चालवायची तर काय हळदीकुंकू वाहायचं?

तेव्हा दुकानात उभ्या उभ्याच डीबीक्यूचं पान उघडा. ‘सहा दस्तऐवज’ दिसले की पुस्तक जागेवर ठेवा. बहुपर्यायी प्रश्नांना पाच पर्याय असतील तर ते २०१६ च्याही आधीचं. आता चारच असतात, ५५ मिनिटांत ५५ प्रश्न.

खरं तर निबंधांसाठी पुस्तकाची गरजच नाही. कॉलेज बोर्ड मागच्या वर्षांचे लेखी प्रश्न, विद्यार्थ्यांची नमुना उत्तरं आणि त्यांना कुठे, का गुण दिले हे सगळं फुकट देतं. आम्ही शेवटी त्यावरच भिस्त ठेवली. दस्तऐवजांबाहेरच्या पुराव्याला वेगळा एक गुण असतो. सागरी साम्राज्यांवरच्या एका सरावात लेकीने पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतल्याचं घातलं, आणि मी उगाच फुशारले.

सराव टाइप करूनच करा. २०२५ पासून परीक्षा कॉलेज बोर्डाच्या ब्लूबुक अ‍ॅपवर असते. मी आणलेल्या रेघी वह्या तशाच पडून आहेत.

आणि हो, हे खरं तर आधी सांगायला हवं होतं: आपल्या शाळेत परीक्षा नसेल तर दुसऱ्या शाळेच्या एपी को-ऑर्डिनेटरला (शाळेत एपी परीक्षांचं काम बघणारी व्यक्ती) सप्टेंबरातच गाठा आणि फक्त परीक्षेसाठीचा जॉइन कोड, म्हणजे ऑनलाइन नाव नोंदवायचा कोड, मागून घ्या. परीक्षा मे महिन्यात असली तरी नोंदणीची मुदत नोव्हेंबरच्या मध्याला संपते. कित्येक शाळा स्वतःची तारीख त्याच्याही आधीची ठेवतात, आणि उशीर झाला की वर दंड.