आज आयर्नब्रिज
आजचा दिवस इंग्लंडमधल्या सेव्हर्न नदीकाठी. इथला बेत आखताना क्रम सांभाळा: आधी शेजारच्या कोलब्रुकडेलची लोखंडाची जुनी भट्टी, मग गावाला नाव देणारा ओतीव लोखंडाचा पूल. १७०९ मध्ये लोखंड कारखानदार अब्राहम डार्बीने या भट्टीत लाकडी कोळशाऐवजी कोक (दगडी कोळसा भाजून केलेलं इंधन) वापरून लोखंड गाळलं. ती भट्टी न बघता १७७९ चा पूल पाहिला तर तो फोटोपुरताच उरतो.

पुलाखाली नक्की उतरा! सुमारे ३० मीटरची कमान, आणि जोड चक्क सुतारकामातले: साल-कूस (एका तुकड्याचं टोक दुसऱ्याच्या खाचेत बसवणं), पाचरी. ओतीव लोखंड दाब सोसतं, ताणाला तडकतं, म्हणून भार दाबातच ठेवणारी कमान. पण दोन्ही काठ आत सरकून पुलाला आवळत होते. १९७० च्या दशकात नदीच्या तळाशी काँक्रीट घालून ते थोपवले.

ब्लिस्ट्स हिलला, म्हणजे व्हिक्टोरियन काळातल्या गावाच्या खुल्या संग्रहालयाला, निदान अर्धा दिवस वेगळा. रेल्वेने टेलफर्ड सेंट्रल. पुढच्या बसची वेळ आधीच बघा.