एकाच घोटात

रिपोर्टवरचा आकडा मी दोनदा वाचला. ६,४००. मागच्या वर्षी याच बाईच्या रक्तात विषाणू मशीनला सापडलाही नव्हता.

मी मराठवाड्यातल्या एका एआरटी केंद्रावर, म्हणजे एचआयव्हीची औषधं देतात तिथं, समुपदेशक आहे, २०१० पासून. ही बाई बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातली. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, आता ऊसतोडीत मुलाबरोबर तिचा कोयता, म्हणजे तोडणीची जोडी. (ओळख पटेल असं सगळं बदललं आहे. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याचं बंधन आहेच, नसतं तरी बदललं असतं.) दसरा-दिवाळीला टोळी निघते ती गुढीपाडव्याच्या आसपास परतते, म्हणून जाताना आम्ही तिला एकदम काही महिन्यांच्या डब्या देतो. डबी वाजू नये म्हणून आत कापूस कोंबायची, पण तारीख कधी चुकवायची नाही.

डब्या मोजल्या. एकही गोळी शिल्लक नाही. चोख हिशेब आणि ६,४००, याचा मेळ माझ्या डोक्यात एकाच रीतीनं बसला: गोळ्या टाकून दिल्या असणार. शेजारच्या कोपीतली बाई बघते म्हणून उसात गोळ्या भिरकावणारे मी पाहिले आहेत.

"ताई, खरं सांगा. खोटं बोलून तुमचंच नुकसान आहे."

"देवाशपथ म्याडम. रोज घेतली. एक दिस चुकले न्हाई."

"मग हे काय आहे?" मी कागद तिच्यापुढे सरकवला. तिला वाचता येत नाही, हे मला माहीत होतं. तरी सरकवला.

माझी एवढी खात्री का होती, तर नव्या गोळीवर पेशंट कुरकुर करत नाहीत. मी नोकरीला लागले तेव्हा स्टॅव्ह्युडिन चालू होतं. त्यानं गालफडं बसायची, पाय जळजळायचे, आणि चेहऱ्यावरूनच गावाला कळायचं. झिडोव्ह्युडिननं रक्त उतरायचं, नखं काळी पडायची. मग एफाविरेंझ आलं. ते झोपताना घ्यायचं, कारण गरगरायचं आणि स्वप्नं पडायची. पण आमच्याकडे शेतीची लाईट रात्री. एक शेतकरी गोळी घेऊन दोन वाजता मोटार चालू करायला गेला आणि बांधावरच बसून राहिला. मेलेला बैल रोज दावणीला दिसतो, असंही तो सांगायचा. अशा माणसानं गोळी बुडवली तर रागवायला जीभ रेटत नसे.

आता बहुतेकांना एकच गोळी: टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राविर. कुणाला झोप कमी लागते, कुणाचं डोकं दुखतं, काहींचं वजन वाढतं, साखरेवर लक्ष ठेवावं लागतं, टेनोफोविरमुळे किडनी तपासत राहावी लागते. पण गरगरणं नाही, बैल नाही. म्हणजे ही गोळी बुडवली तर तो निव्वळ हलगर्जीपणा, असं माझं मत पक्कं झालेलं.

नियमाप्रमाणे १,००० च्या वर आकडा गेला की तीन महिने दर महिन्याला बोलावून समुपदेशन आणि मग पुन्हा तपासणी. तरीही वर राहिला तर प्रकरण तज्ज्ञांच्या पॅनेलकडे, आणि बहुधा दुसऱ्या फळीची औषधं. त्यात गोळ्या जास्त, त्रासही जास्त. पहिल्या महिन्यात मी तिला तासभर भाषण दिलं. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत ऐकत होती.

दुसऱ्या महिन्यात ती पहाटेच्या एसटीनं आली. आजची गोळी घ्यायची राहिली होती. म्हटलं, "इथंच घ्या, माझ्यासमोर." काळजी वगैरे काही नव्हती, मला पुरावा हवा होता.

तिनं पिशवीतून चंची काढली. आधी आमची गोळी तळहातावर ठेवली. तिच्या शेजारी एक लाल. मग खडूसारखी एक जाडजूड पांढरी. तळहाताच्या भेगांत कोयत्याचा काळपटपणा मुरलेला, त्यावर या तीन गोळ्या. दुसऱ्या हातानं गुलाबी औषधाची बाटली दातानं उघडली, दोन घोट तोंडात घेतले, गोळ्या टाकल्या आणि वरून पाणी. सगळं एकदम.

"ही लाल कसली?"

"रगताची. कारखान्यावर तपासणीवाले आलते, त्यांनी दिली. ती मोठी हाडाची. आन् हे जळजळीचं."

"रोज अशाच घेता?"

"व्हय. पहाटं चारला, फडात जायच्या आदी. तिथं पाणी कुठलं सारकं सारकं? एकदाच घेतलं की मोकळं."

"मी विचारलं होतं ना, दुसरं औषध चालू आहे का?"

"औषध कुठाय? ताकदीच्या गोळ्या हायत्या."

तिच्या कार्डावर 'इतर औषधे' या रकान्यात माझ्याच अक्षरात 'नाही' लिहिलेलं होतं.

मी कार्ड घेऊन डॉक्टरांकडे गेले. त्यांनी मागच्या कोऱ्या कागदावर काढून दाखवलं. विषाणू आधी आपल्या आरएनएवरून डीएनएची नक्कल करतो. टेनोफोविर आणि लॅमिव्हुडिन तिथं खोटे मणी होऊन माळेत शिरतात. पुढचा मणी ओवताच येत नाही. तरीही एखादी माळ पुरी झाली, तर इंटिग्रेज नावाचं विषाणूचं विकर (एन्झाइम) ती आपल्या पेशीच्या डीएनएत शिवून टाकतं. एकदा शिवली की कोणतंच औषध ती उसवत नाही, म्हणून गोळी जन्मभर. शिवण्याचं हे काम डोल्युटेग्राविर अडवतं. इंटिग्रेजच्या तोंडाशी मॅग्नेशियमचे दोन कण असतात, त्यांनाच ते घट्ट पकडतं आणि विकर जागच्या जागी अडकतं.

आणि धातू दिसला की पकडायचा, हीच त्याची खोड. रिकाम्या पोटात शेजारी लोह असलं, कॅल्शियम असलं, ॲसिडिटीच्या औषधातलं ॲल्युमिनियम-मॅग्नेशियम असलं की ते त्यांनाच धरून बसतं. ती जोडी आतड्यातून रक्तात नीट उतरत नाही. म्हणजे बाई रोज तीन औषधं गिळत होती, पण जोर लावत होती दोनच.

जळजळ कशानं, ते खोदल्यावर निघालं. गर्भपिशवी काढून सहा वर्षं झालेली. ऊसतोडीच्या बायकांत हे ऐकून आमच्याकडे आता कुणी दचकत नाही, आणि हीच दचकायची गोष्ट आहे. तेव्हापासून कंबर धरते. मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढायचं, म्हणून दुखण्याच्या गोळ्या. त्या गोळ्यांनी जळजळ, जळजळीला गुलाबी औषध. दुखण्याच्या त्या गोळ्या टेनोफोविरच्या जोडीला किडनीवर वेगळ्याच. डॉक्टरांनी क्रिएटिनिन तिथल्या तिथं करायला लावलं. सुदैवानं ठीक होतं.

गोळी रात्री जेवणानंतर ठरली. रगताची आणि हाडाची दुपारच्या भाकरीबरोबर. गुलाबी औषध बंद. जळजळीला डॉक्टरांनी ओमेप्राझोलची कॅप्सूल दिली, तिचा या गोळीशी झगडा नाही. दुखण्याच्या गोळ्यांऐवजी साधी पॅरासिटामॉल. वाचता येत नाही, म्हणून आमच्या डबीला मी काळा दोरा बांधला. "काळा दोरा काळोख पडल्यावर," ती म्हणाली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसली.

तपासणीची तारीख आम्ही पुढे ढकलली. दसऱ्याच्या आधी, टोळी निघायच्या बेतात असताना रिपोर्ट आला: विषाणू आढळला नाही. मी तिला खुर्चीवर बसवलं आणि म्हटलं, "ताई, माझं चुकलं. मी तुम्हाला खोटं ठरवलं."

ती डब्यांत कापूस भरत होती.

"माफी कामून मागता म्याडम? दोन गोळ्या उसात पडल्या हुत्या. हुडकल्या, घावल्या न्हाईत. शेवटचे दोन दिस तशीच ऱ्हायले." मग झाकण लावून तिनं डबी कानाशी हलवून पाहिली. "तवा सांगितलं असतं, तर तुमी बाकीचं ऐकलं असतं का?"